लाल मातीवरचे ८१

वर्तमानपत्रात ‘लाल मातीचा राजा’ असा मथळा दिसला की माझ्या डोळ्यांसमोर आधी लंगोट येतो, रॅकेट नंतर. लाल माती म्हणजे तालीम, हौदा, ताक-तेल-हळद घालून मऊ केलेली माती, शड्डू. हे समीकरण आपल्याकडे इतकं पक्कं आहे की राफेल नदाल नावाच्या स्पॅनिश पोराला हे बिरुद मिळालं, तेव्हा आमच्या इब्रामपुरात एकाने मला खरोखर विचारलं होतं, “कोल्हापूरचो काय रे तो?”

हा लेख त्या पोराच्या एका आकड्याबद्दल आहे. ८१. एप्रिल २००५ ते मे २००७ या काळात नदाल क्ले कोर्टवर ओळीने ८१ सामने जिंकला. १९६८ साली टेनिसच्या मोठ्या स्पर्धा व्यावसायिक खेळाडूंना खुल्या झाल्या, तेव्हापासून पुरुषांमध्ये एकाच प्रकारच्या कोर्टवर ओळीने इतके सामने कोणी जिंकलेले नाहीत. त्याआधीचा विक्रम जॉन मॅकेन्रोचा, कार्पेटवरचा, ७५ सामन्यांचा. नुसत्या क्लेचा विचार केला तर अर्जेंटिनाच्या गिलेर्मो विलासचा, ५३ सामन्यांचा. माझं पोट कोड लिहून भरतं, आणि आकडा दिसला की तो कुठून आला हे शोधत बसायची सवय त्या धंद्याने लावली आहे. या ८१ ची शिवण उसवली की आत काय काय निघतं, ते आज सांगायचं आहे.

सुरुवात मातीपासून करू, कारण ती माती नाहीच. पॅरिसच्या रोलाँ गॅरोला टीव्हीवर जो लालभडक रंग दिसतो, ती विटांची भुकटी असते, आणि तीसुद्धा जेमतेम एक-दोन मिलिमीटर. तिच्याखाली पांढऱ्या चुनखडीचा दाबून बसवलेला थर, त्याखाली जळलेल्या कोळशाची खर, मग खडी, मग मोठे दगड. म्हणजे खेळाडू उभा असतो चुनखडीवर आणि घसरतो विटेवर. असं सांगतात की १८८० च्या सुमारास विल्यम आणि अर्नेस्ट रेनशॉ या इंग्रज भावांनी फ्रान्समधल्या कान इथे कोर्टं बांधली. तिथल्या उन्हात गवत टिकेना, म्हणून जवळच्या वालोरिस गावातल्या कुंभारांची फुटकी मडकी कुटून ती भुकटी त्यांनी गवतावर पसरली. क्ले कोर्टाचा उगम असा कुंभाराच्या उकिरड्यावर आहे.

आमच्या गावाकडच्या माणसाला यातलं फारसं नवीन वाटणार नाही. इब्रामपूर पेडणे तालुक्यात, महाराष्ट्राच्या हद्दीजवळ. पायाखाली जांभा. पाऊस सरला की अंगण नव्याने करायचं: माती पसरायची, पाणी मारायचं, लाकडी चोपण्याने ठोकून सपाट करायची, वर शेणाचा सडा. आजी अंगणावर जितका जीव लावायची, तितकाच रोलाँ गॅरोचे कामगार कोर्टवर लावतात. सामना संपला की जाळी ओढून भुकटी सारखी करायची, पांढऱ्या रेघा झाडायच्या, पाणी मारायचं, कमी पडलं तिथे पुन्हा भुकटी टाकायची. पाणी जास्त झालं तर चेंडू जड होतो, कमी पडलं तर भुकटी उडून जाते आणि कोर्ट वेगवान होतं. आपल्या देशातल्या जुन्या क्लबांतही असंच मातीचं, शेणाने सारवलेलं कोर्ट असायचं. पणजीला गास्पर दियशचा टेनिस क्लब पोर्तुगीजांच्या काळापासूनचा आहे. पण पेडण्यात आमच्या लहानपणी खेळ म्हणजे क्रिकेट, व्हॉलीबॉल आणि शेतं कापून झाल्यावर तिथेच फुटबॉल. टेनिस फक्त टीव्हीवर.

कोर्टाचा पृष्ठभाग बदलला की खेळ किती बदलतो, याचं उदाहरण टेनिसमधून द्यायची गरज नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव आयुष्यभर मातीत कुस्ती खेळले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्यांच्यापुढे अचानक मॅट आली. तरीही ते सहावे आले. मग चार वर्षं मॅटचा सराव केला आणि १९५२ ला हेलसिंकीत कांस्यपदक आणलं. पैलवान तोच, डाव तेच, पायाखालचं बदललं होतं. टेनिसमध्ये हाच बदल दर दोन महिन्यांनी होतो.

क्लेवर चेंडू पडला की भुकटी त्याला धरून ठेवते. त्याचा पुढचा वेग कमी होतो आणि तो उंच उडतो. त्यामुळे दणदणीत सर्व्हिस करून गुण संपवणाऱ्याचं अर्धं भांडवल इथे बुडतं. समोरच्याला चेंडूपर्यंत पोचायला क्षणभर जास्त मिळतो, रॅली लांबते, आणि लांबलेल्या रॅलीत नशिबाचा वाटा कमी होतो. नदालच्या बाबतीत यात आणखी एक गोष्ट मिळते. त्याच्या फोरहँडच्या चेंडूला मिनिटाला सरासरी ३,२०० च्या आसपास फेऱ्या असत, असं मोजमाप झालेलं आहे. इतका फिरणारा चेंडू क्लेवर आपटला की खांद्याच्या वर उडतो. त्यात तो डावखुरा. उजव्या हाताने, एकहाती बॅकहँड मारणाऱ्या रॉजर फेडररला त्या उंचीवरचे चेंडू वर्षानुवर्षं खेळावे लागले. त्या ८१ विजयांपैकी ५ विजय एकट्या फेडररवरचे आहेत, आणि त्या काळात फेडरर जगात पहिल्या क्रमांकावर होता.

आता घटनाक्रम. एप्रिल २००५ मध्ये व्हॅलेन्सियाला उपांत्यपूर्व फेरीत रशियाच्या इगोर आंद्रेयेवने नदालला हरवलं. नदाल तेव्हा १८ वर्षांचा. पुढच्याच आठवड्यात मोंटे कार्लो सुरू झालं आणि ते पोर जे जिंकत सुटलं ते थेट २० मे २००७ पर्यंत. मधल्या १३ क्ले स्पर्धा त्याने खेळल्या आणि तेराही जिंकल्या: मोंटे कार्लो, बार्सेलोना आणि रोम तीन-तीनदा, फ्रेंच ओपन दोनदा, शिवाय बास्टाड आणि स्टुटगार्ट. अखेरच्या दिवशीसुद्धा त्याला २१ पूर्ण व्हायला दोन आठवडे बाकी होते. म्हणजे हा सगळा उद्योग त्याने १८ ते २० या वयात केला. त्याच वयात आम्ही बी.ई.च्या पहिल्या वर्षी गणिताचा पेपर सुटावा म्हणून सातेरीला गाऱ्हाणं घालत होतो.

क्लेचा हा हंगाम आमच्याकडच्या काजूच्या हंगामाशी तंतोतंत जुळतो, ही माझी लाडकी योगायोगाची गोष्ट. मोंटे कार्लो सुरू होतं तेव्हा काजूची बोंडं पडायला लागलेली असतात आणि रानात सगळीकडे त्यांचा आंबूस वास असतो. रोमच्या सुमाराला फणस आणि आंबे. फ्रेंच ओपनचा अंतिम सामना मिरगाच्या आसपास, म्हणजे टेनिस आणि कोरडी जमीन दोन्ही एकदमच संपणार. सकाळी बिया गोळा करायच्या आणि संध्याकाळी चुलतभावांबरोबर टीव्हीपुढे बसायचं, अशी आमची मे महिन्याची सुट्टी. आजी मागे बसून बिया निवडत असायची. तिला टेनिसमधलं काही कळत नव्हतं, पण तिसऱ्या वर्षी तिने विचारलं, “ह्यो झील कधी हरता की नाय?”

प्रश्न साधा होता. त्याचं उत्तर द्यायला थोडं गणित लागतं.

समजा एखादा खेळाडू इतका भारी आहे की प्रत्येक सामना जिंकण्याची त्याची शक्यता ९० टक्के आहे. ऐकायला ही शक्यता जबरदस्त वाटते. अशा खेळाडूने ठरावीक ८१ सामने ओळीने जिंकण्याची शक्यता किती? ०.९ ला ०.९ ने ८१ वेळा गुणत जा: सुमारे पाच हजारांत एक. शक्यता ९५ टक्के धरली तरी साधारण चौसष्टात एक. ९८ टक्के धरली तर कुठे पाचात एकाच्या जवळ पोचतो. नाणेफेकीइतकी, म्हणजे निम्मी शक्यता हवी असेल तर प्रत्येक सामन्याला ९९ टक्क्यांच्याही वर हवं. आणि समोर कोण? फेडरर, कोरिया, ह्युइट, जोकोविच. अर्थात हे गणित ढोबळ आहे. प्रत्येक सामना सारखा नसतो, पहिल्या फेरीतला पाहुणा आणि अंतिम फेरीतला फेडरर यांना एकच टक्केवारी लावणं अन्यायाचं आहे. तरी आकड्याचा आवाका कळायला ते पुरेसं आहे.

दुसऱ्या बाजूने पाहिलं तर मात्र चित्र पार वेगळं दिसतं. २०२४ साली अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या पदवीदान समारंभात फेडररने विद्यार्थ्यांना स्वतःचाच एक हिशोब सांगितला. कारकिर्दीतल्या १,५२६ एकेरी सामन्यांपैकी जवळजवळ ८० टक्के त्याने जिंकले, पण त्या सामन्यांतले गुण मात्र फक्त ५४ टक्के. टेनिसची गुणपद्धती ही अशी भिंगासारखी आहे. गुणांमधला छोटासा फरक गेममध्ये वाढतो, गेममधला सेटमध्ये, सेटमधला सामन्यात. क्लेवर रॅली लांबली की हे भिंग आणखी जाड होतं. म्हणून अशा विजयमालिका क्लेवर जास्त दिसतात. आणि म्हणूनच, बाहेरून अभेद्य दिसणारी मालिका आतून दोन-चार चेंडूंवर टांगलेली असते.

तसे दोन सामने सांगतो, दोन्ही रोमचे. ८ मे २००५ चा अंतिम सामना, समोर अर्जेंटिनाचा गिलेर्मो कोरिया. पाचव्या सेटमध्ये नदाल ०-३ मागे. तिथून टायब्रेकपर्यंत आला आणि टायब्रेक ८-६ असा घेतला. ५ तास १४ मिनिटं. तेव्हा मालिका अजून बाळसं धरत होती, त्यामुळे तिथे ती तुटली असती तर कुणाला कळलंही नसतं. दुसरा १४ मे २००६ चा, फेडररशी. हा आम्ही घरी सगळ्यांनी पाहिला. पाचव्या सेटमध्ये फेडरर ४-१ पुढे. मग ६-५ वर, नदालच्या सर्व्हिसवर, फेडररला दोन मॅच पॉइंट. दोन्ही वेळा त्याने फोरहँड चुकवला. पुन्हा टायब्रेक, त्यात नदाल ७-५. ५ तास ५ मिनिटं. घरातलं जेवण कधीचं थंड झालं होतं. काका कट्टर फेडररवाले, ते अंगणात जाऊन उभे राहिले आणि बराच वेळ आत आले नाहीत.

त्या विजयाने नदालचे ५३ झाले, म्हणजे विलासची बरोबरी. फेडररचे ते दोन फोरहँड रेषेच्या आत पडले असते, तर आज मी ‘लाल मातीवरचे ५२’ असा लेख लिहीत नसतो. कोणीच लिहीत नसता.

पंधरवड्याने फ्रेंच ओपनच्या पहिल्या फेरीत ५४ वा विजय मिळाला. कोर्टवर छोटा समारंभ झाला, स्वतः विलास हजर होता. समोर हरलेला खेळाडू होता स्वीडनचा रॉबिन सोडरलिंग. हे नाव लक्षात ठेवा.

या विलासची गोष्ट मला नदालच्या गोष्टीपेक्षाही जास्त छळते. १९७७ हे त्याचं वर्ष. त्या एका सालात त्याने १६ स्पर्धा जिंकल्या. त्यात फ्रेंच ओपन आहे आणि अमेरिकन ओपनही, कारण १९७५ ते १९७७ अशी तीन वर्षं अमेरिकन ओपनही क्लेवरच झालं, तिथल्या हिरव्या क्लेवर. अंतिम फेरीत त्याने जिमी कॉनर्सला २-६, ६-३, ७-६, ६-० असं हरवलं.

आता विक्रमांची नोंद पाहिली तर विलासच्या नावावर दोन आकडे सापडतात: ४६ आणि ५३. दोन्ही बरोबर आहेत. फ्रेंच ओपनचे ७ सामने तो जिंकला. मग विम्बल्डनला गवतावर तिसऱ्या फेरीत हरला. त्यानंतर जिंकलेले ४६ सामने सगळे क्लेवरचे. ‘ओळीने किती सामने जिंकला?’ असा प्रश्न विचारला तर विम्बल्डनचा पराभव आड येतो आणि उत्तर मिळतं ४६. ‘क्लेवर ओळीने किती?’ असं विचारलं तर विम्बल्डन गाळलं जातं आणि उत्तर होतं ५३. आम्ही डेटाबेसला प्रश्न विचारतो तेव्हा शेवटी एक अट जोडतो, अमुक रकान्यात तमुक असेल त्याच ओळी दे म्हणून. अट बदलली की उत्तर बदलतं, ओळी त्याच राहतात. नदालचे ८१ हेही अटीचंच अपत्य आहे. त्याच दोन वर्षांत तो विम्बल्डनला २००५ मध्ये दुसऱ्या फेरीत जिल म्युलरकडून आणि २००६ मध्ये अंतिम फेरीत फेडररकडून हरला. ते पराभव गाळूनच ८१ मोजले जातात. यात लबाडी काही नाही. क्लेचा हंगाम सलग असतो, खेळाडू त्याची वेगळी तयारी करतात, म्हणून ही अट अर्थपूर्ण आहे. ‘मंगळवारी दुपारी जिंकलेले सलग सामने’ अशी अट घातली तर ती कुणी मनावर घेणार नाही. तरी अलीकडे टीव्हीवरचे समालोचक अशाच धर्तीचे विक्रम दर पाच मिनिटांनी सांगत असतात, ते ऐकून मला हसू येतं.

विलासची मालिका तुटली ती मात्र विचित्र रीतीने. १९७७ च्या ऑक्टोबरमध्ये फ्रान्समधल्या एक्स-आँ-प्रोव्हाँस इथे अंतिम सामना, समोर रोमानियाचा इली नास्तासे. त्याच्या हातात ‘स्पॅगेटी रॅकेट’. व्हेर्नर फिशर नावाच्या जर्मन माणसाच्या डोक्यातून निघालेली ही चीज. तारांचे थर एकमेकांत न विणलेले, मध्ये प्लास्टिकच्या नळ्या. चेंडू लागला की तारा सरकायच्या आणि परत जागेवर यायच्या, त्यामुळे चेंडूला अचाट फिरकी मिळायची आणि तो कुठे उडेल ते समोरच्याला कळायचंच नाही. गंमत म्हणजे नास्तासे स्वतः नुकताच पॅरिसमध्ये अशाच रॅकेटवाल्या जॉर्ज गोव्हेनकडून हरून चिडला होता. मग त्याने तीच हातात घेतली. विलास पहिले दोन सेट ६-१, ७-५ असे हरला आणि वैतागून सामना सोडून निघून गेला. त्याच सुमाराला आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने त्या रॅकेटवर तात्पुरती बंदी घातली आणि पुढच्या वर्षी ती कायमची केली.

तो पराभव मोजावा का? मित्रांबरोबर यावर पुष्कळ वाद घातले आहेत. माझं मत, मोजावा. सामना सुरू झाला तेव्हा विलासला माहीत होतं समोर काय आहे, आणि तरी तो कोर्टवर उतरला. शिवाय एकदा ‘हा पराभव खरा नव्हता’ म्हणायला सुरुवात केली की मग पोटदुखीचे, पावसाचे, पंचांच्या चुकांचे सगळेच अर्ज स्वीकारावे लागतील. पण ५३ या आकड्याशेजारी एक तारांकन माझ्या मनात कायम असतं.

विलासवर दुसरा अन्याय झाला तो क्रमवारीचा, आणि त्याबद्दल माझं मत इतकं कठोर नाही. १६ स्पर्धा जिंकूनही १९७७ च्या अखेरीस संगणकाच्या यादीत पहिला होता कॉनर्स, विलास दुसरा. विलास आयुष्यात कधीच अधिकृत पहिला क्रमांक पाहू शकला नाही. कारण त्या काळी क्रमवारी गुणांच्या बेरजेवर नव्हे, सरासरीवर ठरायची. जास्त स्पर्धा खेळणाऱ्याची सरासरी खाली येणार, हे आपल्याकडे पाचवीतलं पोरही सांगेल. विलास भरपूर खेळायचा. शिवाय यादी तेव्हा दर आठवड्याला निघतही नसे. मधल्या काळात कोण वर होता याची नोंदच नाही.

पुढे एदुआर्दो पुप्पो हा अर्जेंटिनाचा पत्रकार आणि मारियान चुल्पान हा रोमानियाचा गणिती, दोघे मिळून त्या जुन्या स्पर्धांचे निकाल गोळा करत बसले. न निघालेल्या आठवड्यांच्या याद्या त्यांनी त्या काळच्याच नियमांनी पुन्हा मांडल्या. निष्कर्ष असा निघाला की १९७५ च्या शरद ऋतूत आणि १९७६ च्या सुरुवातीला मिळून ७ आठवडे विलास पहिला असायला हवा होता. एटीपी या खेळाडूंच्या संघटनेने २०१५ मध्ये ते मान्य करायला नकार दिला. जुन्या याद्या आता बदलणार नाही, अशी त्यांची भूमिका. यावर २०२० मध्ये नेटफ्लिक्सवर माहितीपटही आला आहे, जरूर पाहा.

माझ्या धंद्यातल्या माणसाला ही गोष्ट झोंबते, कारण चुल्पानने केलं ते आम्ही रोज करतो. जुना डेटा काढा, तेच सूत्र पुन्हा चालवा, उत्तर जुळतंय का पाहा. नाही जुळलं तर दुरुस्त करा. महिलांच्या संघटनेने नेमकं हेच केलं. २००७ मध्ये त्यांना आढळलं की १९७६ मध्ये ईव्हॉन गूलागाँग दोन आठवडे पहिल्या क्रमांकावर होती आणि ते नोंदवायचं राहून गेलं. त्यांनी एकतीस वर्षांनी तिला तो मान दिला. आभाळ कोसळलं नाही.

बाकीच्या क्लेवीरांचं थोडक्यात सांगतो. ब्यॉर्न बोर्ग फ्रेंच ओपनमध्ये ४९ जिंकला आणि फक्त २ हरला, दोन्ही इटलीच्या आद्रियानो पानात्ताकडून. ऑस्ट्रियाचा थॉमस मुस्टर १९९५ मध्ये ओळीने ४० जिंकला. या माणसाबद्दल खरं तर वेगळा लेख हवा. १९८९ मध्ये मायामीला अंतिम फेरी गाठल्यावर काही तासांतच दारू प्यायलेल्या चालकाच्या गाडीने त्याचा गुडघा मोडला. उभं राहता येईना तेव्हा त्याने खास बनवलेल्या खुर्चीत बसून फटक्यांचा सराव केला. त्याच्या ४० मध्येही एक टांगलेला सामना आहे. मोंटे कार्लोची अंतिम फेरी, बोरिस बेकर दोन सेट पुढे. आदल्या दिवशीच्या सामन्यानंतर मुस्टरला इस्पितळात न्यावं लागलं होतं. चौथ्या सेटच्या टायब्रेकमध्ये बेकरला मॅच पॉइंट मिळाला, आणि त्याने दुसरी सर्व्हिस पहिल्यासारखी ठोकली. डबल फॉल्ट. मुस्टरने तो सेट घेतला आणि पाचवा ६-० ने.

नदालकडे परत येऊ. मे २००७ मध्ये हिशोब असा होता: नदाल क्लेवर ७२ सामने अजिंक्य, फेडरर गवतावर ४८. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की अर्धं क्ले आणि अर्धं गवत असं कोर्ट बनवू. २ मेला माजोर्कामधल्या पाल्मा इथे खरंच तसा प्रदर्शनीय सामना झाला. पहिल्यांदा लावलेल्या गवताला किडे लागले, म्हणून ऐन वेळी नवं गवत आणून घालावं लागलं. बाजू बदलताना खेळाडू बूटही बदलत होते. नदाल ७-५, ४-६, ७-६ असा जिंकला. अर्थात हा सामना कुठल्याच मालिकेत मोजला गेला नाही. कुठल्या अटीत बसवणार?

नंतर रोम जिंकून नदाल हॅम्बुर्गला गेला. थंड हवा, जड क्ले, चेंडू फारसा उडत नाही. उपांत्य फेरीत ह्युइटने पहिला सेट घेतला, नदालने २-६, ६-३, ७-५ असा सामना वाचवला. तो ८१ वा. दुसऱ्या दिवशी अंतिम फेरीत नदालने पहिला सेट ६-२ असा घेतला आणि तिथून फेडररने पुढचे दोन ६-२, ६-० असे. ज्या मालिकेचा जीव दोन-दोन टायब्रेकमध्ये कंठाशी आला होता, ती अखेर ६-० अशी एकतर्फी संपली. नदालने आठवण म्हणून फेडररचा त्या दिवशीचा शर्ट सही करून मागून घेतला. आमच्या घरी काकांनी त्या रात्री शेजाऱ्यांना हापूस वाटले. आजीला तिच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं, पण तिला वाईट वाटलेलं दिसलं. “दमलो आसतलो,” एवढंच म्हणाली.

तीन आठवड्यांनी नदालने फेडररला हरवून फ्रेंच ओपन तिसऱ्यांदा जिंकलं, हे ओघाने आलंच. फ्रेंच ओपनमध्ये तर त्याची निराळीच मालिका चालू होती. पदार्पणापासून ३१ सामने, एकही पराभव नाही. ती ३१ मे २००९ ला चौथ्या फेरीत तुटली. समोर होता तोच, २००६ च्या पहिल्या फेरीतला सोडरलिंग. त्यानंतर तिथेच पुन्हा ३९ ची मालिका, ती २०१५ मध्ये जोकोविचने तोडली. मोंटे कार्लोत ४६ ची वेगळी. क्लेवर ओळीने ५० सेट जिंकल्याची आणखी वेगळी, ती २०१८ मध्ये माद्रिदला डोमिनिक टीमने तोडली. १४ फ्रेंच ओपन, तिथे ११२ विजय आणि ४ पराभव, अशी त्याची अखेरची बेरीज.

आपल्याकडच्या वाचकांसाठी एक गोष्ट नोंदवतो. भारतीय खेळाडूच्या नावावर पहिलं ग्रँड स्लॅम विजेतेपद लागलं तेही याच विटेच्या भुकटीवर, १९९७ मध्ये, महेश भूपती आणि जपानची रिका हिराकी यांच्या मिश्र दुहेरीत. एकेरीत मात्र आपल्याला क्ले कधी मानवलं नाही. मास्टर्स दर्जाच्या क्ले स्पर्धेच्या मुख्य फेरीत भारतीय पुरुषाने एकेरीचा पहिला सामना जिंकायला २०२४ साल उजाडलं. मोंटे कार्लोला सुमित नागलने इटलीच्या मात्तेओ आर्नाल्दीला हरवलं. म्हणजे इथली मालिका १ पासून मोजायची आहे.

आणि हा लेख पुरुषांच्या टेनिसबद्दल आहे असं मी सुरुवातीला म्हटलं ते बायकोने वाचलं आणि विचारलं, बायकांचा आकडा किती? १२५. ख्रिस एव्हर्ट, ऑगस्ट १९७३ पासून क्लेवर एकही पराभव नाही, जवळजवळ सहा वर्षं. १२ मे १९७९ ला, पुन्हा रोमलाच, उपांत्य फेरीत १६ वर्षांच्या ट्रेसी ऑस्टिनने तिला तिसऱ्या सेटच्या टायब्रेकमध्ये हरवलं. त्यानंतर एव्हर्टने क्लेवरचे पुढचे ७२ सामने ओळीने जिंकले.